एस्तेरचे वायसर

एस्तेरला मी कधीच भेटलो नाही. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितो आहे. बोललो तर कधीच नाही, बायकोजवळसुद्धा नाही. उलट तिची माझी भेट मी इतक्यांदा आणि इतक्या बारकाव्यांनी सांगितली आहे की आता डोळे मिटले तरी ती दिसते. डोक्याला निळं फडकं बांधलेली, हापशाच्या कट्ट्यावर पाय सोडून बसलेली, मांडीवर एक जुनी चप्पल. ते निळं फडकं मीच तिच्या डोक्याला बांधलं. चप्पल तेवढी खरी असावी.

मला लिहायचं आहे ते मास्तरांविषयी, ज्यांच्यासाठी हे सगळं रचलं त्यांच्याविषयी. पण हे आधी सांगून टाकलं नसतं तर पुढचं एकही वाक्य सरळ उतरलं नसतं.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे एक पत्र्याची शेड होती. तिथे आमच्या संस्थेचं हातपंप दुरुस्तीचं केंद्र होतं आणि मास्तर त्याचे प्रमुख. ‘हातपंप’ हा शब्द फक्त पाटीवर. बोलताना सगळे हापसाच म्हणायचे, मास्तर तर पहिल्या दिवशी परदेशी पाहुण्यांकडूनही ‘हापसा’ घोकून घ्यायचे. मी कार्यालय सांभाळायचो. पत्रव्यवहार, व्हिसाची कामं, पाहुण्यांना विमानतळावरून आणणं आणि परत पोचवणं.

हे पाहुणे यायचे आफ्रिकेतून. आपला देशही दुसऱ्या देशांना मदत करतो, हे त्या काळी पनवेलमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सरकारची एक योजना होती, तिच्यात तिकडच्या देशांतून माणसं यायची, दीड महिना राहायची, हापसा उघडायला-जोडायला शिकून परत जायची. तिकीट, राहणं, जेवण, सगळं आपल्याकडून. कोण येणार ते मात्र तिकडचं सरकार ठरवायचं.

सरकारं काय ठरवतात ते पहिल्याच तुकडीला विमानतळावर बघितलं तेव्हा कळलं. पांढरे बूट, कडक इस्त्री, गॉगल. त्यांच्यात मिस्त्री एकही नाही. कुणी मंत्र्याचा भाचा, कुणी सचिवाचा मेहुणा. त्यांना मुंबई बघायची होती, कपडे घ्यायचे होते, आणि हापसा म्हणजे काय हे त्यांना विमानात बसल्यावर कळलं होतं.

मी तणतणलो. “मास्तर, हे आपल्याला फसवतायत. असल्या चोर सरकारांना मदत द्यायचीच कशाला? बंद करा म्हणावं.”

मास्तर पाइप धरायच्या लोखंडी शिकंज्याला ग्रीस लावत होते. “भाचा आहे ना?” ते म्हणाले. “मग मामाकडून लाड होणारच. आपल्याकडे काय वेगळं आहे? दोन हात आहेत ना पोराला, झालं तर. मामा काय जन्मभर मंत्री राहतोय?”

आणि त्यांनी खरोखरच त्या सगळ्या भाच्या-मेहुण्यांना शिकवलं. बूट काढायला लावून, बाह्या वर करायला लावून, एकेकाला ‘भाचेबुवा’ म्हणत. जाताना त्यातले काही जण चक्क रडले. एकाने तर गॉगल मास्तरांना देऊन टाकला. मास्तर तो घालून आठवडाभर वेल्डिंग करत होते.

मास्तरांच्या एका खोडीमुळे त्यांना घेऊन कुठे जायची चोरी होती. त्यांची नजर माणसाच्या तोंडाकडे जायच्या आधी पायांकडे जायची. खारघरला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मास्तर हॉलच्या आत आलेच नाहीत. अक्षता पडल्या तरी पत्ता नाही म्हणून मी बाहेर आलो, तर ते चपलांच्या ढिगापाशी उकिडवे बसलेले, एका कोल्हापुरीच्या तळव्यात अंगठा दाबून बघत होते. मुलीचे मामा समोर उभे.

“काय हो, चप्पल चोरताय काय?”

“छे छे. बघतोय फक्त. चामडं झकास आहे. झिजली की फेकू नका हं, मला द्या. आमचा पत्ता देऊ?”

हापशाच्या पोटात, खाली पाण्यात, चामड्याची एक वाटीसारखी कडी असते. तिला वायसर म्हणतात. ते भिजून फुगतं आणि पाण्याला वर ढकलतं. ते झिजलं की वर माणूस दांडा मारमारून दमतो आणि पाण्याचा थेंब येत नाही. बाकी सगळा हापसा लोखंडी, पन्नास वर्षं टिकेल असा. अडतो तो या तळहाताएवढ्या चामड्यापाशी. म्हणून मास्तर चपला गोळा करायचे. त्यातून वायसर कापायचे आणि तेलाने भरलेल्या लोणच्याच्या बरणीत मुरत ठेवायचे. स्वतः बारा महिने रबरी सपाता. “चामडं पायात घालणं ही श्रीमंती झाली,” म्हणायचे.

केंद्रावर जेवण करायला हिराबाई होत्या. माहेर उरणकडचं, सासर जवळच्याच गावात. त्या रोज ती बरणी पुसायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, “मास्तर, तुमचं लोनचं काय नासत नाय हां कदी.”

“खाऊन बघा एकदा, हिराबाई.”

“नको रं बाबा. मेल्या जनावराची शिंगा फुटतील मना.”

मास्तरांचं एक वाक्य त्या शेडमध्ये आलेल्या प्रत्येकाने ऐकलं असेल. “लोखंड देणारे पुष्कळ भेटतात. वायसर देणारा कुणी भेटत नाही. वायसर फोटोत येत नाही ना!”

हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तरुणपणी ते एका परदेशी मदत संस्थेबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात हापसे बसवायला गेले होते. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. ते वर्तमानपत्रांतून पुरेसं खराब झालेलं आहे, त्यात माझी भर नको. मास्तर सांगायचे त्यावरून, तिथे गावोगाव हापसे बसले, मंत्र्यांनी फिती कापल्या. फीतसुद्धा विमानाने यायची म्हणे. सुट्या भागांचं गोदाम होतं, त्याची किल्ली मंत्र्याच्या मेहुण्याकडे. तिथले वायसर सीमेपलीकडच्या बाजारात विकायला दिसू लागले. मदत देणारे चिडले. सरकार भ्रष्ट आहे, म्हणाले, आणि एका दिवसात सगळं आवरून निघून गेले. मास्तरही त्यांच्याबरोबर परतले.

“सरकारचं काय गेलं त्यात?” ते विचारायचे. “सरकार बाटलीतलं पाणी पितं.” मग म्हणायचे, “मी तिथे पुष्कळ लोखंड पुरून आलो रे.”

एवढंच. एरवी तासन्‌तास बोलणारा माणूस त्या वर्षांविषयी याहून जास्त बोलत नसे.

मग एका तुकडीत त्याच देशाचा एक वयस्क कारकून आला. खरं तर चुकून आला. कुणाचा तरी भाचा ऐनवेळी आजारी पडला आणि रिकामं तिकीट याच्या वाट्याला आलं. जेवताना तो सहज बोलून गेला, की मास्तर गेले होते त्या जिल्ह्यातले सगळे हापसे केव्हाच बंद पडले. एका गावचं नाव घेऊन म्हणाला, तिथला तेवढा चालतो. तिथे एस्तेर नावाची एक बाई आहे, ती जुन्या चपला कापून वायसर करते.

मास्तर हात धुवायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. मी शोधत गेलो तर शेडमध्ये शिकवायच्या हापशाशी बसले होते, उष्टा हात तसाच.

“मला तो हापसा आठवतोय,” म्हणाले. “खडक लागला होता तिथे. मी म्हणत होतो, इथे पाणी नाही, जागा बदलू. गावातल्या बाया म्हणत होत्या, आहे. हटूनच बसल्या. हिला कुणी शिकवलं असेल रे? मी तर नाही शिकवलं. कुणालाच नाही शिकवलं मी. बसवले आणि आलो.”

त्यानंतर त्या कारकुनाची सुटका नव्हती. रोज प्रश्न. त्यातून कळलं ते असं, की वायसर कापणं एस्तेरला जमतं, पण ते बदलायला खालचे पाइप वर काढावे लागतात आणि ते ती गावातल्या बायांना घेऊन दोरीने ओढून काढते. एकदा दोरी सुटली आणि पाइप घसरला. एका बाईची बोटं गेली. आमच्याकडे पाइप धरून ठेवायला लोखंडी शिकंजा असतो, तो लावला की माणूस निर्धास्त. पण तो तिने कधी बघितलाच नव्हता.

“तिला इथे आणायचं,” मास्तरांनी जाहीर केलं. “दुसऱ्यांदा दोरी सुटेल तेव्हा तिचा हात असेल खाली.”

नावानिशी निमंत्रण गेलं. केंद्रावर कधी बाई पाहुणी आली नव्हती, त्यामुळे हिराबाईंच्या अंगात वारं शिरलं. कोपऱ्यातली खोली सारवल्यासारखी लख्ख केली. घरून आरसा आणून टांगला. “बायमानूस हाय, केस कुठं बगंल ती?” मास्तरांनी नवे पाने आणले आणि त्यांच्या मुठींना चिंधी गुंडाळली, लहान हाताला घट्ट बसावेत म्हणून. चिंधी एकदा गुंडाळून समाधान होईना, सोडून परत गुंडाळली.

आणि मला त्या देशाच्या वकिलातीतून फोन आला.

आवाज फार गोड होता. “ब्रदर,” तो माणूस म्हणाला, त्या बाईचं नाव काढून तिथे थॉमस नावाच्या एका तरुणाचं नाव घालता येईल का? मंत्रिमहोदयांचा भाचा आहे. मग त्याच दमात, जणू आत्ताच आठवल्यासारखं, की तुमच्या संस्थेतला एखादा तज्ज्ञ आम्ही आमच्याकडे बोलावणार आहोत, महिनाभर, सगळी व्यवस्था आमची. तुमचंच नाव का नाही सुचवत?

मी तोवर विमानतळावर असंख्य वेळा गेलो होतो आणि प्रत्येक वेळी काचेच्या अलीकडूनच परत आलो होतो.

मी ‘नाही’ म्हणू शकत होतो. आमच्या बाजूने निमंत्रण नावानिशी होतं, ते बदलायला आमची संमती लागत होती, आणि ती देणारा मीच होतो. मला कुणी धमकी दिली नाही, कुणी गरजेत पकडलं नाही. मी नाव बदललं. चोर सरकारांना मदत बंद करा म्हणून तणतणणारा तो मीच.

मास्तरांना सांगितलं, “एस्तेरचं मूल आजारी आहे. नाही येता येत म्हणते.”

त्यांच्या हातात चिंधी गुंडाळलेला पाना होता. तो त्यांनी हळूच बाजूला ठेवला. “बरोबर आहे तिचं,” म्हणाले. “पोर टाकून कशी येईल बाई? हापसा काय, थांबेल.” आणि दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागले, “पोराचं काही कळलं का रे?”

थॉमस आला. हिराबाईंच्या आरशात बघून भांग पाडू लागला. मुलगा वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. घरची आठवण आली की स्वयंपाकघरात येऊन बसायचा, हिराबाईंचं कालवण ओरपायचा आणि भांडी विसळून द्यायचा. आपण कुणाच्या जागी आलो आहोत हे त्याला माहीतही नसावं.

त्याला घेऊन आम्ही जवळच्या एका गावात बंद हापसा दुरुस्त करायला गेलो, तेव्हाची गोष्ट मास्तर पुढे हसून हसून सांगायचे. परदेशी साहेब येणार एवढंच गावाला कळलेलं. गावाने आपल्या परीने अर्थ लावला, की साहेब लोक मदत द्यायला आलेत. हार, नारळ, शाल, बाकड्यावर चादर. सरपंच हात जोडून पुढे.

“साएब, आमचे गावान समाजमंदिर नाय. तुमचे देशाकडून एक होऊ द्या.”

मी गोंधळलो. इंग्रजीत थॉमसला सांगितलं, की यांचा गैरसमज झालाय, तरी हे असं असं मागतायत. थॉमसने गळ्यातला हार नीट केला, हात पाठीमागे बांधले, गाव न्याहाळलं आणि गंभीरपणे मान हलवून म्हणाला, “सांगा त्यांना, विचार करू.”

टाळ्या पडल्या. मास्तर माझ्या कानात म्हणाले, “बघ, मामाचं रक्त.”

तेवढ्यात हंडा घेऊन उभी असलेली एक म्हातारी पुढे आली. “तुजं मंदिर र्‍हाऊ दे रं बाला. आदी हापसा चालू कर. आनि ते बूट काड, चिकलान जातील.”

भाषा कळायची गरज नव्हती. थॉमसने बूट काढले. दुपारपर्यंत तो गुडघाभर चिखलात होता. शेवटी पाणी आलं तेव्हा त्याने दांडा सोडलाच नाही, हार गळ्यात तसाच, सगळ्या गावाचे हंडे भरून दिले. म्हातारीने त्याच्या डोक्यावरून ओला हात फिरवला. परतताना जीपमध्ये मास्तर म्हणाले, “याच्या हातात आहे. एस्तेर पुढच्या खेपेला येईल, पण हाही काही वाया गेला नाही.”



पुढच्या खेपेला ती आली नाही. कारण मी पुन्हा निमंत्रण पाठवलंच नाही. ती आली असती तर तिचं मूल आजारी नव्हतं हे मास्तरांना कळलं असतं. तिला मूल होतं की नाही, हेच मला माहीत नव्हतं.

वकिलातीतल्या माणसाने शब्द पाळला. मला बोलावणं आलं. मास्तरांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. “ती येत नाही ना, मग तू जा. आपणच जायला पाहिजे होतं आधी.” एस्तेरसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने एक छोटा, हलका शिकंजा बनवला, विमानात नेता येईल असा. हिराबाईंनी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, दिली, कागदात बांधून, वर प्लॅस्टिकची पिशवी, वर सुतळी. “सांगा तिला, आमच्या खाडीचं हायत. लेकराला भाताबरोबर द्यायचं.”

मी महिनाभर त्या देशाच्या राजधानीत होतो. चांगल्या हॉटेलात. दोन भाषणं केली. बाकीचे दिवस कुणी ना कुणी जेवायला बोलवायचं. एस्तेरच्या गावाला जायचं आहे, असं मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि रस्ता खराब आहे, उद्या बघू, असं उत्तर रोज यायचं. ते उत्तर मला आवडायला लागलं होतं. मग शेवटच्या आठवड्यात एका सकाळी खरोखरच गाडी दारात उभी राहिली. ड्रायव्हर हसतमुख. म्हणाला, संध्याकाळपर्यंत परत येऊ.

मी त्याला सांगितलं, पोट बिघडलंय.

पोट ठीक होतं. ती विचारणार, मला बोलावलं होतं त्याचं काय झालं? याला मी काय सांगणार होतो? खोलीत पलंगावर पडून गाडी जाण्याचा आवाज ऐकला. सोड्यांचा वास कपाटातून येत होता. ते मी हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. शिकंजा मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याकडे दिला, एस्तेरला पोचवा म्हणून. त्याने तो माझ्यासमोर गोदामाच्या माणसाकडे दिला. गोदामाची किल्ली कुणाकडे असते ते मी मास्तरांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेलं होतं.

परत आलो तर मास्तर शेडच्या दारातच खुर्ची टाकून बसलेले.

“भेटली?”

“भेटली.”

हा एकच शब्द मी बोललो असतो आणि थांबलो असतो तर कदाचित निभावलंही असतं. पण ते मास्तर होते.

“शिकंजा कसा वाटला? धरला कसा तिने? करून बघितला का?”

“बघितला ना. लगेच जमलं तिला.”

“उजव्या हाताने घट्ट करत होती?”

“डाव्या,” मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. “डावखुरी आहे.”

मास्तर खुर्चीतून उठले. “अरे! मग तो उलटा पडला असेल तिला! सांगायचं नाही का आधी!” आणि त्याच दुपारी त्यांनी डावखुऱ्या माणसाला सोयीचा शिकंजा बनवायला घेतला.

मग ते वाढतच गेलं. निळं फडकं, कट्टा, चप्पल. हिराबाईंनी विचारलं, “सोडे आवडले काय रं भाऊ तिला?” मी म्हणालो, फार. “मना वाटलंच. मानसाला मानसाचं खानं आवडतंच.” पोर आता बरं आहे, पळतं. नाव दानिएल. मास्तर ऐकताना डोळे बारीक करून दूर बघायचे, जसे ते त्या कट्ट्यावरच जाऊन बसलेत. पुढच्या प्रत्येक तुकडीला ते पहिल्या दिवशी एस्तेरची गोष्ट सांगू लागले. आमच्या शेडमध्ये मागवलेलं प्रत्येक हत्यार दोन प्रकारचं असायचं, उजव्यांसाठी आणि डाव्यांसाठी. त्यामुळे खरेच डावखुरे असलेले काही जण फार सुखावले. खोट्यातून काही भलं झालं असेल तर ते एवढंच.

काही वर्षांनी टीव्हीवर तो देश दिसला. लोक रस्त्यावर, मग गोळीबार, मग बाहेरच्या देशांचं सैन्य उतरलं. मंत्री पळाले. आम्ही स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीवर बघत होतो.

“बरं झालं,” मी म्हणालो. “गेले एकदाचे चोर. आता बाहेरचे लोक नीट घडी बसवून देतील.”

मास्तर भाकरीचा तुकडा हातात धरून राहिले. “आम्ही हापसे बसवून आलो होतो,” म्हणाले, “हे सरकार बसवून येतील. वायसर कोण कापणार, हे कुणी विचारलंय का तिथल्या माणसांना?” मग आवाज बदलून, “ती गोळीबाराची जागा एस्तेरच्या गावापासून लांब आहे ना रे? तू गेला होतास. किती लांब?”

“पुष्कळ लांब,” मी म्हणालो.

“आणि थॉमस? त्याच्या मामाचं असं झालं. पोराला कुणी काही करायला नको.”

त्या वर्षापासून तिकडची माणसं येणं थांबलं, पुढे योजनाही थांबली. मास्तर तरी शेडमध्ये येऊन वायसर कापत बसायचे. एकदा कापता कापता, मान वर न करता त्यांनी विचारलं, “पोराचं नाव काय म्हणाला होतास तू?”

“योसेफ,” मी म्हणालो.

कात्री थांबली. माझ्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, रागाने नाही. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघावं तसं.

“हां,” म्हणाले. “दोन नावं असतील. त्यांच्यात असतात.” आणि पुन्हा कापू लागले.

ते तेव्हाच सगळं समजले असतील का, हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. समजले असतील तर त्यांनी मला खरं बोलायला एक वाट ठेवली होती. मी त्या वाटेने गेलो नाही.

शेवटी ते पनवेलमध्येच एका दवाखान्यात होते. हात बारीक झालेले, पण सिस्टरच्या सँडलकडे बघून “खरं चामडं नाही हं ते, फसवलं तुम्हाला” एवढं म्हणण्याची ताकद होती. मी गेलो तेव्हा त्यांनी उशाखालून फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं. वायसर. एकसारखे, कडा घासून गुळगुळीत केलेले. कधी कापले होते कोण जाणे.

“एस्तेरला दे,” म्हणाले.

मी म्हणालो, “मास्तर, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

त्यांनी माझा हात थोपटला. “आधी हे पोचव. मग सांग.”

मी गाठोडं घेतलं. दाराशी आलो तर मागून म्हणाले, “तेलात ठेव रे. वाळलं की तडकतं.”

मला पुन्हा संधी मिळाली नाही.

आता ती शेड नाही. तिथे मोठं गोदाम झालंय, कंटेनर उभे असतात. मी रोडपालीला राहतो. हिराबाईंच्या हाताला कंप आलाय, पण सून मासे विकायला बसते तिथे शेजारी बसून असतात. मी दिसलो की अजून विचारतात, “आपली ती बाय कशी हाय रं भाऊ? लेकरू मोठं झालं असंल.” मी म्हणतो, बरी आहे. हे छापून आलं की त्यांना वाचून दाखवायला मीच जाणार आहे.

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर लोणच्याची एक बरणी आहे. तेल काळं पडलं की मी बदलतो. बायको विचारते, मी सांगतो, मास्तरांची आठवण.

आठवण नाही ती. दुसऱ्याची वस्तू आहे. एस्तेर जिवंत आहे की नाही, तो हापसा चालू आहे की नाही, ती अजून दोरीनेच पाइप ओढते का आणि ती दोरी पुन्हा कधी सुटली का, यातलं मला काहीच माहीत नाही. तिची जागा मी दुसऱ्याला दिली, तिचा शिकंजा दुसऱ्याच्या हाती दिला. बरणीतले वायसर तिचे आहेत. ते तिच्या हातात देणं, पाइप कसा धरतात ते तिला दाखवणं, आणि तुला बोलावलं होतं, नाव मी खोडलं, हे तिच्या तोंडावर सांगणं, एवढं माझ्याकडून अजून बाकी आहे.